नाव लिहून बसावे

भिवंडीत कामतघरला तलावाकडे वळणाऱ्या गल्लीत त्यांचं सायबर कॅफे होतं. सात कॉम्प्युटर, सातही सेकंडहँड, आणि त्यातला एक कायम आजारी. पाटीवर वर बारीक अक्षरांत 'इंटरनेट' आणि खाली हातभर अक्षरांत 'नाव लिहून बसावे'. पाटी रंगवणाऱ्याने दुकानाचं नाव काय टाकू म्हणून तीनदा विचारलं म्हणे. यांचं उत्तर ठरलेलं. दुकान कुठे पळून जात नाही, पळतो तो माणूस, तेव्हा नाव त्याचं पाहिजे.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र मी इथे लिहीत नाही. सगळी गल्ली त्यांना चेकर म्हणायची आणि मी चेकरकाका. हे त्यांच्या वाचनात आलं तर नाव का गाळलं म्हणून पहिल्यांदा झापतील. पण नाव टाकायचं म्हटलं तर मजकूर आधी त्यांच्याकडे तपासायला द्यावा लागेल, आणि त्यांची तपासणी मी आयुष्यात एकदा सोसली आहे. तेवढी पुरे झाली.

कॅफे काढण्याआधी तेवीस वर्षं ते निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात फोल्डिंग खात्यात होते. लूमवरून उतरलेला कापडाचा तागा तिथे काचेच्या टेबलावरून ओढतात. काचेखाली ट्यूबलाईट असते, वर चेकरचे डोळे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, कुठे दाट कुठे पातळ, जे दिसेल तिथे खडूची खूण करायची. प्रत्येक ताग्याच्या टोकाला विणणाऱ्याचा नंबर लिहिलेला असतो, म्हणजे दोष कुणाच्या हातचा ते लगेच कळतं. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने जुन्या माणसांना काहीबाही देऊ केलं. यांनी ते टेबल मागून घेतलं. पुढे कशेळीच्या बाजूची वडिलोपार्जित जमीन गोदामवाल्यांकडे गेली, तेव्हा भावांनी गाड्या घेतल्या आणि यांनी कॉम्प्युटर घेतले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना स्वतःला तेव्हा माऊस कुठल्या हाताने धरायचा हेही ठाऊक नव्हतं.

ते टेबल हाच कॅफेचा काउंटर होता. त्यावर रजिस्टर, आणि काचेखालची ट्यूब भर दुपारीही चालू, त्यामुळे तिथे लिहिलेलं नाव खालून उजळून निघायचं. नाव, वडिलांचं नाव, गाव, मशीन नंबर, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ. पुढे पोलिसांनी सगळ्याच कॅफेवाल्यांना वही ठेवायला लावली, तेव्हा बाकीच्यांनी वह्या आणल्या आणि त्यात मनाला येईल ते भरलं. यांच्याकडे पहिल्या दिवसापासून वही होती आणि तिच्यातलं प्रत्येक नाव खरं होतं. एकदा एका पोराने नावाच्या जागी सिनेमातल्या हिरोचं नाव ठोकून दिलं. काकांनी चष्मा वर केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, हिरोच्या वडिलांचं नाव काय, आणि ते भिवंडीत कुठल्या गल्लीत राहतात. पोरगं हसलं, खोडलं आणि खरं नाव लिहिलं.

आता कुणाला वाटेल, माणूस चोंबडा असणार. तसं मुळीच नव्हतं. प्रत्येक कॉम्प्युटरला त्यांनी पडदा लावला होता, तोही फोल्डिंगमधल्या डॅमेज कापडाचा. पडद्याआड कोण काय पाहतंय हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. कुणी आजाराचं शोधायला यायचं, कुणी गल्फमधल्या नवऱ्याशी बोलताना रडायचं. काका त्या वेळी मुद्दाम पाठ करून बसायचे. परदा पायजे तेवढा घ्या, नाव उघडं ठेवा, हे त्यांचं सगळ्यांना सांगणं. उत्तरेकडून आलेल्या लूमवाल्या मजुरांना हेच ते हिंदीत सांगायचे आणि लिहिता न येणाऱ्याचं नाव स्वतःच्या अक्षरात, विचारून विचारून, नीट लिहून घ्यायचे. कित्येकांना गावाकडचं आपलं पूर्ण नाव कुणीतरी आदराने विचारलंय, याचंच अप्रूप वाटे.

एका वर्षी इंटरनेटवरच्या कसल्याशा मजकुरावरून गावात वातावरण तापलं. शांतता समितीची बैठक बोलावली गेली, कॅफेवाल्यांनाही बोलावणं होतं. एका पुढाऱ्याचं म्हणणं, ही सगळी दुकानं बंद करा, पोरं बिघडतात. कॉलेजच्या मुलांचं म्हणणं, इंटरनेट कुणाच्या बापाचं नाही, आम्हाला कुणी विचारायचं नाही. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. काका मागच्या रांगेत होते, तिथूनच उठले. म्हणाले, "अपघात व्हतो म्हणून कोनी रस्ता उखडत न्हाय. पन गाडीला नंबर लागतो." एवढंच बोलून बसले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण ते दोघांनाही आवडलं नव्हतं. बैठकीला आलेल्या पोलीस साहेबांनी मात्र वहीत काहीतरी टिपून घेतलं.

मी त्या वेळी एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे तासाला तेवढे पैसे आणि सुट्टीत उपास. पेपर वाचून झाला की काकांकडे जाऊन बसायचो. ते मला मास्तर म्हणायचे आणि माझ्याशी वाद घालण्याची त्यांना भारी हौस. एकदा मी त्यांना म्हटलं, काका, इंटरनेटची गंमतच ही आहे की तिथे नाव लागत नाही. मालकाच्या विरुद्ध बोलायचं तर गरिबाने नाव देऊन बोलायचं कसं? त्या दिवशी त्यांनी विषय बदलून चहा सांगितला. दोन दिवस विचार केला असावा, कारण तिसऱ्या दिवशी मी दारात पाय ठेवायच्या आत म्हणाले, "मास्तर, तुमचं बरोबर हाय. भिनाऱ्याला आडोसा पायजे. पन आडोशाला माणूस उभा ऱ्हायला पायजे, भिंत न्हाय."

याचा अर्थ मला पुढच्याच महिन्यात कळला. एका कारखान्यात वायरिंग उघडं पडलं होतं, ठिणग्या उडायच्या. तिथल्या एका मजुराला ते गावाच्या वेबसाईटवर टाकायचं होतं. एका हौशी माणसाने काढलेली ती साईट होती आणि तिच्यावर 'मनातलं बोला' नावाचं पान होतं. कुणीही यावं, काहीही लिहून जावं. मराठी लिपी तेव्हा धड उमटायची नाही, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांतलं मराठी. मजुराला नोकरी जायची भीती. काका आधी स्वतः त्या कारखान्यात गेले, वायरी डोळ्यांनी पाहिल्या, आणि मग एका बोटाने टाईप करून ती तक्रार स्वतःच्या नावाने टाकली. वडिलांचं नाव आणि घरचा पत्ता घालून. मालक तणतणत आला. काकांनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, तुमचं म्हणणंही तिथेच लिवा, नाव घालून. मालकाने चार ओळी लिहिल्या आणि आठवड्यात वायरिंग बदललं. मी तेव्हा थक्क झालो होतो. आयुष्यात इतकं सरळ चालणारा माणूस मी पाहिलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर मला जरा खुजं वाटायला लागलं होतं.

या माणसाने एकच चूक केली. फोल्डिंगमध्ये एखादा विणकर असा असतो की वर्षानुवर्षं त्याच्या मालात दोष सापडत नाही. त्याला उस्ताद म्हणतात आणि त्याचा तागा काचेवर न घेताच पुढे सोडतात. मान म्हणून. काकांनी तो मान मला दिला होता. मी रजिस्टरकडे हात नेला की ते म्हणायचे, मास्तर, तुमचं काय लिवायचं. त्यामुळे सगळ्या भिवंडीत त्यांच्या कॉम्प्युटरवर नाव न लिहिता बसणारा मी एकटा होतो.

आमच्या कॉलेजात सहा वर्षांनी एकदाची कायम जागा निघाली. ती माझी, हे मी धरूनच चाललो होतो. मिळाली म्हात्रे मॅडमना. कामतघरचीच मुलगी, वडील रिक्षा चालवायचे, आणि मुलाखतीत ती माझ्यापेक्षा चांगली बोलली होती. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. बुधवारी दुपारी तीनच्या सुमाराला काका मला दुकान सोपवून जेवायला गेले. तीन मशीनवर गिऱ्हाईकं होती. मी चार नंबरच्या पडद्याआड गेलो आणि 'मनातलं बोला'वर सहा ओळी लिहिल्या. नव्या मॅडमची एम.ए.ची डिग्री बोगस आहे, जागा पैसे देऊन मिळवली आहे. खाली नाव टाकलं, एक जागरूक नागरिक. काका परत आले तेव्हा मी पेपर वाचत होतो.

मला वाटलं होतं, चार लोक वाचतील, थोडी कुजबुज होईल. चौथ्या दिवशी त्या सहा ओळींचे प्रिंट स्टाफरूममध्ये फिरत होते. संस्थेने कळवलं, चौकशी पूर्ण होईपर्यंत मॅडमना रुजू करून घेऊ नये. तिच्या वडिलांना रिक्षा स्टँडवर लोक विचारायला लागले, किती मोजले? ते कधी उलट बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी त्या स्टँडवर रिक्षा लावणंच सोडलं. हे सगळं मला रोज कळत होतं आणि रोज मी उद्या काहीतरी करू म्हणत होतो.

मॅडमने पोलिसांत तक्रार दिली. प्रत्येक कनेक्शनला एक नंबर असतो, त्यावरून पोलीस कॅफेपर्यंत आले. एक साहेब, एक हवालदार, मॅडम आणि तिचे वडील. मी तिथेच बसलेलो होतो. साहेबांनी तारीख आणि वेळ सांगितली, आणि त्या वेळी ते पान उघडल्याची खूण हवालदाराला चार नंबरच्या मशीनमध्ये सापडली. काकांनी रजिस्टर काचेवर उघडलं आणि त्या बुधवारच्या ओळींवरून बोट फिरवलं. तीन माणसं, तीन मशीन, तिघांचं घरदार माहितीचं. चार नंबरपुढे काही नाही. त्यांचं बोट त्या जागेवर थांबलं आणि बराच वेळ उचललं गेलं नाही. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

साहेबांनी विचारलं, चार नंबरवर कोण होतं?

"लिवलेलं न्हाय. जे लिवलेलं न्हाय ते मी सांगत न्हाय."

अंदाज तर असेल, साहेब म्हणाले. दुकानात तुम्ही कुणाला ठेवून गेला होता, तेवढं तरी सांगा. काका म्हणाले, दुकान माझ्या नावावर हाय. आणि अंदाजाने मी एखाद्याचं नाव घेतलं, तर त्या लिहिणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? साहेब वैतागले. म्हणजे तुम्हीच लिहिलंत असं समजायचं का?

"लिवलं न्हाय, साहेब. पास केलं." मग ते मॅडमकडे वळले. "बिननंबराचा माल खराब निघाला तर आमच्यात तो चेकरच्या नावावर पडतो. पोरी, हा माल माझ्या नावावर धर."

तेव्हा मी उठून बोलायला हवं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती, असं म्हणतात ना, ते खोटं असतं. जीभ मोकळी होती. मी भित्रा होतो, बस.

नोंद नीट ठेवली नाही म्हणून साहेबांनी दुकान सव्वा महिना बंद ठेवायला लावलं. पडदे धुऊन घड्या घालून ठेवले गेले. काका मात्र घरी बसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी मॅडमच्या घरी जाऊन म्हणाले, तुमची डिग्री मला द्या, तपासतो. तिच्या वडिलांना राग यायला हवा होता, पण त्यांनी कपाटातून ती स्वतः काढून दिली. बंद दुकानात शटर अर्धं खाली ओढून, मॅडमला समोर बसवून काकांनी डिग्री काचेवर ठेवली, खालची ट्यूब लावली आणि भिंग घेऊन कागदातली खूण, शिक्का, सही बोटभर बोटभर पाहिली. इंग्रजी अक्षरं त्यांना लागायची, पण भाषा कळत नव्हती. तरी अर्धा तास पाहिलं, अशी हकीकत मला पुढे मॅडमनेच सांगितली. मग म्हणाले, मला तर खरी दिसते, पण माझं दिसणं पुरेसं नाही. आणि बसने मुंबईला विद्यापीठात गेले. तिथे पहिल्या दिवशी खिडकी बंद, दुसऱ्या खेपेला चुकीचा फॉर्म, तिसऱ्या खेपेला डिग्री खरी असल्याचं शिक्क्याचं पत्र घेऊनच आले.

ते पत्र त्यांनी संस्थेच्या सचिवांपुढे ठेवलं. मग 'मनातलं बोला'वर लिहायला ते दुसऱ्याच्या कॅफेत गेले. तिथेही आधी वही मागितली. त्या बिचाऱ्याला ती कुठे ठेवली हेच आठवेना, शेवटी स्पीकरच्या खोक्यामागे सापडली. त्यात नाव लिहून मग काका बसले. एका बोटाने तासभर टाईप करून त्यांनी जे लिहिलं ते मी इतक्या वेळा वाचलंय की मला पाठ आहे. आधी नाव, वडिलांचं नाव, पत्ता. मग, मॅडमविषयीचा मजकूर माझ्या दुकानातून निघाला. मी एका माणसाला नाव न लिहिता बसू दिले. मजकूर खोटा आहे, मी तपासला आहे. ज्याला शिव्या द्यायच्या त्याने मला द्याव्या, पत्ता वर दिला आहे.

लोकांनी दिल्या. साईटवर दिल्या, फोनवर दिल्या, दोघेतिघे तर घरी येऊन देऊन गेले. काकांनी सगळ्या ऐकून घेतल्या. साईटवरच्या प्रत्येक बिननावाच्या शिवीखाली ते तेवढंच लिहायचे, नाव लिवा, मंग बोलू. कुणीही लिहिलं नाही. मॅडम कॉलेजात रुजू झाल्या, त्यांच्या वडिलांची रिक्षा पुन्हा स्टँडवर लागायला लागली, आणि गाव पुढच्या भानगडीकडे वळलं.

दुकान उघडलं त्या दिवशी मी गेलो. न जाणं जास्त उघडं पडलं असतं. काकांनी नेहमीसारखा चहा सांगितला, लोडशेडिंगबद्दल दोन शब्द बोलले, आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "आता तुमी पन लिवा, मास्तर." मी लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, ट्यूबच्या उजेडात अक्षर न् अक्षर दोघांनाही दिसत होतं. त्या विषयावर ते त्यानंतर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर मी त्याच दिवशी सुटलो असतो. दिली नाही. ओळख तीच, चहा तोच, फक्त मान गेला.

पाच महिने मी तसे काढले. मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या. टाईमटेबल विचारायच्या, सर म्हणायच्या, एकदा त्यांनी डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. उपास आहे म्हणून मी ती परत सरकवली. शेवटी मी कॉलेजला सगळं लिहून दिलं, सहीनिशी, आणि माझे तास गेले. आता मी कशेळीला एका गोदामात डिस्पॅचचं काम पाहतो. त्याचं दुःख नाही. सांगायची आहे ती लिहून देण्याच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ.

त्या संध्याकाळी मी म्हात्र्यांच्या घरी गेलो. वडील ओटीवर रिक्षाचं सीटकव्हर शिवत होते, मॅडम आत पेपर तपासत होत्या. दोघांना समोर बसवून मी उभ्यानेच सांगून टाकलं. काय लिहिलं, कुठून लिहिलं, का लिहिलं. वडिलांच्या हातातला दाभण थांबला. मॅडमने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"पोलिसांत केस पुढे नेणार होते मी," ती म्हणाली. "काकांनी थांबवलं. म्हणाले, जरा वेळ दे पोरी, तो स्वतः येईल. कोण ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून दर गुरुवारी येतात. दारातूनच विचारतात, आला का. मी नाही म्हणते, मग चहासुद्धा न घेता जातात."

किती गुरुवार, हे मी मनात मोजायला गेलो आणि मला ते मोजवेना. माझ्यावर शंका येऊन ते मला पकडायची वाट पाहत असतील, असं मी पाच महिने समजत होतो. हा माणूस माझ्या वतीने शब्द देऊन बसला होता, आणि आठवड्याला एकदा या दारात येऊन माझ्यासाठी मान खाली घालून जात होता.

"आज गुरुवारच आहे," मॅडम म्हणाल्या. "बसा."

मी बसलो. बाहेर अंधारून यायला लागलं होतं, लूमची खडखड चालू होती. थोड्या वेळाने ओटीच्या पायरीवर चपला वाजल्या. काका दारात आले. माझी खुर्ची दाराच्या समोरच होती, त्यांना मी दिसलो नाही असं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी माझ्याकडे न पाहता तिलाच विचारलं.

"आला का गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो.

"आलो, काका."

काकांनी चपला काढल्या, आत येऊन माझ्या शेजारी टेकले आणि म्हणाले, "मंग आज च्या टाक, पोरी."